उघड्या दाराची कसोटी : पंडिता रमाबाई आणि त्यांचे सदन

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते. मात्र मुलींचे वसतिगृह चालवणारी बाई म्हणून त्यांनी काय सोसले, काय मिळवले आणि काय गमावले याची चर्चा क्वचितच होते. परक्यांच्या लेकी आपल्या छपराखाली आणताना स्वतःच्या श्रद्धेचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आयुष्यभर उभा राहिला. या प्रश्नाला त्यांनी आयुष्याच्या दोन टप्प्यांवर दोन वेगळी उत्तरे दिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळच्या एका घरात लहानसा समारंभ झाला. अध्यक्षस्थानी लेखिका काशीबाई कानिटकर होत्या. सभेत स्त्रीने अध्यक्ष व्हावे ही गोष्टच त्या काळी नवलाची होती. निमित्त होते उच्चवर्णीय हिंदू बालविधवांसाठी आणि अन्य मुलींसाठी निवासी शाळा सुरू करण्याचे. शाळेचे नाव ठेवले होते शारदा सदन. संस्थापिका एकतीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या संस्कृतच्या पंडिता होत्या, विधवा होत्या, एका मुलीची आई होत्या आणि साडेपाच वर्षांपूर्वी त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. शेवटची गोष्ट सभेतल्या सर्वांना ठाऊक होती. तरीही मुंबईतील प्रतिष्ठित हिंदू सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, कारण सदनात कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते.

आरंभी विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतली पहिली म्हणजे गोदूबाई जोशी. कोकणातल्या ब्राह्मण घरातली ही बालविधवा मुंबईत राहणाऱ्या भावामुळे सदनात आली. केशवपन झालेली, लिहावाचायला फारसे न आलेली ही तरुणी पुढे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची ठरणार होती.

अरण्यातली पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले होते. बाई जर संस्कृत शिकू शकते, तर आपल्या घरातली का नाही, हा विचार त्यांच्या मनात रुजला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवायला घेतले. घरच्यांचा आणि समाजाचा विरोध झाला. उडुपीत विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी शास्त्राधार दिले आणि ते मान्यही झाले. पण शेजारपाजाऱ्यांच्या नजरा बदलल्या नाहीत. अखेर त्यांनी अरण्यात आश्रम वसवला. तेथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. त्यांच्या आदरातिथ्यात घरची मिळकत संपली आणि कर्ज झाले. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले, ते पुन्हा स्थिरावले नाही.

रमाबाईंची शाळा म्हणजे ही भटकंती. गुरू होत्या आई. देवळाच्या ओसरीवर किंवा धर्मशाळेच्या कोपऱ्यात पहाटे पाठ होई. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. पुराणकथन हेच कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन होते. मात्र १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि पुराण ऐकून शिधा देणारे हात आखडले. भीक मागायची नाही आणि अंगमेहनतीचे काम येत नाही, अशा अवस्थेत आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. भुकेने माणूस कसा मरतो हे त्यांनी घरातच पाहिले. पुढे बावीस-तेवीस वर्षांनी घेतलेल्या एका मोठ्या निर्णयाचे मूळ या आठवणीत आहे.

पायी देश पालथा घालत भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिले. स्त्रियांना वेदाधिकार नाही असे ऐकत वाढलेल्या रमाबाईंसाठी ही नवी दिशा होती. १८८० मध्ये भाऊ ढाक्यात वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडच्या समाजांनी त्यांना दूर लोटले. आसामातल्या सिल्चरमध्ये त्यांनी संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंचा बळी घेतला. चोविसाव्या वर्षी, कडेवर दहा महिन्यांची मुलगी घेऊन, रमाबाईंवर ज्या स्थितीविषयी त्या बोलत होत्या तीच ओढवली.

पुण्यातले वर्ष आणि परदेश

१८८२ च्या वसंतात त्या पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळाने त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला; रमाबाई रानडे यांच्यासारख्या घरंदाज स्त्रिया या समाजाच्या सभांना येऊ लागल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक त्याच वर्षी निघाले. त्याच वर्षी हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार केल्या पाहिजेत, त्यांना पुरेसे वेतन आणि राहायला जागा दिली पाहिजे आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांनी मांडले. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्याच्या संकोचामुळे बायका जीव गमावतात, हा त्यांचा मुद्दा आयोगाला भिडला.

स्वतःच डॉक्टर व्हावे या इच्छेने १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. श्रवणशक्ती क्षीण असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. मठातर्फे चालणारे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठीचे काम त्यांनी पाहिले. ज्यांना समाज दाराबाहेर ठेवतो, त्यांना आत घेणारा धर्म असू शकतो, या जाणिवेने त्या हलून गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. कालपर्यंत सरस्वती म्हणून गौरवणाऱ्यांनी विश्वासघाताची भाषा सुरू केली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

धर्मांतराने रमाबाई नव्या धर्मगुरूंच्या मुठीत गेल्या, अशी अनेकांची समजूत झाली. वस्तुस्थिती उलट होती. मठातील जोगीण जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार म्हणजे एक दीर्घ वाद आहे. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य आणि चर्चचा अधिकार यांवर रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे का आणि संस्कृत का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवतही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. आपल्या देशात जे सहज केले ते येथे का नाही, असे विचारून रमाबाईंनी त्यांना निरुत्तर केले. कोणाच्या सांगण्यावरून विश्वास ठेवायचा नाही हा वडिलांकडून आलेला स्वभाव धर्म बदलला तरी बदलला नव्हता.

बोस्टनची मदत आणि तिची अट

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई त्या समारंभाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे अमेरिका खंडात फिरल्या. फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या, शाळा पाहिल्या, शेकडो व्याख्याने दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे सदनाचा खर्च उचलण्याची हमी तिने दिली.

या मदतीला एक अट होती आणि ती रमाबाईंना मान्य होती. शाळा कोणत्याही पंथाची नसेल. असोसिएशनमध्ये वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते, त्यामुळे एका पंथाचा प्रचार त्यांना नको होता. शिवाय हिंदू घरातली विधवा मिशनच्या शाळेत जाणारच नाही, हे रमाबाई पुरेपूर जाणून होत्या. मुलगी घराबाहेर पडायची तर दार तिच्या ओळखीचे हवे. म्हणूनच संस्थेच्या नावात शारदा आली.

सदनातले दिवस

१ फेब्रुवारी १८८९ रोजी जपानमार्गे रमाबाई मुंबईला परतल्या आणि दीड महिन्याच्या आत सदन सुरू झाले. अमेरिकेवरील त्यांचे मराठी प्रवासवृत्तही त्याच वर्षी छापले गेले. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती का. त्र्यं. तेलंग, न्यायमूर्ती म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर अशी मातब्बर नावे होती. मुंबईतला खर्च झेपेना, म्हणून १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलवण्यात आले. सनातनी पुण्याच्या मध्यावर ख्रिस्ती बाईने ब्राह्मण विधवांचे वसतिगृह चालवायचे, हे धाडसच होते.

सदनाची व्यवस्था विचारपूर्वक बांधलेली होती. सोवळेओवळे पाळू इच्छिणाऱ्या मुलींसाठी स्वयंपाकाची वेगळी सोय असे. व्रतवैकल्ये, उपासतापास, पूजा यांना मज्जाव नव्हता. विधवांना शिक्षण, राहणे, जेवण विनामूल्य होते. ऐपत असलेल्या कुटुंबांतील मुलींकडून शुल्क घेतले जाई. मराठी, इंग्रजी, गणित यांच्या जोडीला शिवण, विणकाम आणि बालोद्यान पद्धतीने शिकवण्याचे धडे असत. मुलीने केवळ साक्षर होऊन भागणार नाही, तिला स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे, हा हेतू होता. घरी एकवेळ जेवणारी, अंधाऱ्या खोलीत दिवस काढणारी मुलगी येथे बागेत हिंडू शकत होती आणि तिला कोणी अपशकुनी म्हणत नव्हते. कित्येकींसाठी हे पहिले शिक्षण होते.

रमाबाई स्वतः साध्या सुती वस्त्रात वावरत, शाकाहारी जेवत आणि मुलींमध्येच राहत. पहाटे त्या आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचत आणि प्रार्थना करत. या वेळी खोलीचे दार उघडे असे. कोणाला बोलावले जात नसे आणि कोणाला हाकललेही जात नसे. काही मुली दाराशी येऊन बसू लागल्या. पुढे काहींनी प्रार्थनेत भाग घेतला. शारदा सदनाचे भवितव्य या उघड्या दाराने ठरवले.

१८९३ चे वादळ

सदनावर संशयाची सावली आरंभापासून होती. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील विधवांना ख्रिस्ती शिकवणीची ओढ वाटू लागल्याचा मजकूर आला आणि तो ‘केसरी’पर्यंत पोहोचला. लोकमान्य टिळकांनी सुरुवातीपासून सावधगिरीचा इशारा दिला होता; आता टीकेला धार चढली. शिक्षणाच्या आडून धर्मांतर चालले आहे आणि सुधारक त्याला आपल्या नावाचे छत्र देत आहेत, असा आरोप होता. टीकेचा रोख जितका रमाबाईंवर, तितकाच रानडे-भांडारकरांवरही होता.

रमाबाईंची भूमिका स्पष्ट होती. त्यांनी कोणाला ख्रिस्ती होण्याचा उपदेश केला नाही. मात्र स्वतःची श्रद्धा लपवण्याचे वचनही कोणाला दिले नव्हते. हिंदू मुलीला आपली पूजा करण्याची मोकळीक आहे, तशीच ख्रिस्ती संचालिकेला प्रार्थनेची आहे. एखादी मुलगी आपण होऊन शेजारी येऊन बसली, तर तिला उठवून लावणे हीसुद्धा सक्तीच ठरली असती. शिकवून शहाण्या केलेल्या मुलीला विचार करू नकोस असे सांगता येत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

सल्लागारांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. रानडे आणि भांडारकर हे काही धर्मवेडे नव्हते. त्यांनी हिंदू पालकांना आपल्या शब्दावर मुली पाठवायला सांगितले होते. वसतिगृहात राहणारी दहा-बारा वर्षांची अनाथवत मुलगी आणि तिला अन्न, वस्त्र, माया देणारी संचालिका यांच्यात बरोबरीचे नाते नसते. जिच्या प्रेमावर सगळा दिवस अवलंबून आहे, तिच्या प्रार्थनेला जाऊन बसणे हे कितपत स्वेच्छेचे मानायचे? पालकांची संमती घेतल्याशिवाय मुलींना प्रार्थनेला बसू देऊ नये, ही त्यांची अपेक्षा या शंकेतून आलेली होती. उपदेश आणि उदाहरण यांच्यातली सीमारेषा मोठ्या माणसाच्या बाबतीत ठळक असते. लहान मुलाच्या बाबतीत ती पुसट होते.

तडजोड निघाली नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये पुण्याच्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि संस्थेला आपण यापुढे निधर्मी मानत नाही, असे जाहीर केले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. त्यांतल्या काहींच्या शिक्षणाचा धागा तेथेच तुटला. वाद विद्वानांचा होता. किंमत मुलींनी मोजली. बोस्टनच्या असोसिएशनने चौकशीअंती रमाबाईंवर विश्वास कायम ठेवला आणि सदन चालू राहिले. पण हिंदू समाज आणि रमाबाई यांच्यातला पूल मोडला. पुढच्या काही वर्षांत सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा टीकाकारांना आपले म्हणणे खरे झाल्याचे वाटले. रमाबाईंच्या स्वतःच्या मनातही बदल झाला होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला १८९१ च्या आसपास गवसला, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात लिहून ठेवले. श्रद्धा जसजशी उत्कट झाली, तसतसे तटस्थ राहणे अवघड होत गेले.

याच वर्षी, वादळ घोंघावत असताना, सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनीचे आयुष्य वेगळ्या वाटेला लागले. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या चौथ्या वाढदिवशी, गोदूबाईंचा पुनर्विवाह फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि रमाबाईंविषयीची कृतज्ञताही त्यांनी कधी लपवली नाही. विधवांना आसरा हवा, पण तो हिंदू समाजाच्या विश्वासाला तडा न जाता मिळावा, या विचाराने कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे हिंगण्याला वाढलेल्या या संस्थेच्या वाटेनेच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. शारदा सदनाच्या मोडलेल्या पुलापलीकडे दुसरा रस्ता तयार झाला, आणि त्याची पहिली वाटसरू सदनातूनच आलेली होती.

दुष्काळ आणि केडगाव

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव आहे. बाहेरच्या देणग्यांवरचे अवलंबन कमी व्हावे, फळबागेतून सदनाला उत्पन्न मिळावे, या हेतूने रमाबाईंनी तेथे सुमारे शंभर एकर माळरान घेतले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. सरकारी छावण्यांत, रस्त्यांच्या कडेला, झाडांखाली सोडून दिलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. भुकेल्या मुलींना फसवून नेणारे दलालही तेथे फिरत होते. रमाबाई मुली घेऊन परतू लागल्या. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांच्याकडे आल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगने थैमान घातले होते आणि शहरात नवी माणसे आणण्यावर निर्बंध होते. म्हणून मुलींना केडगावच्या माळावर तंबूत आणि झोपड्यांत ठेवण्यात आले. प्लेगच्या बंदोबस्तातील बेपर्वाईमुळे आपल्या एका मुलीची वाताहत झाली, असे रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. त्याचे पडसाद इंग्लंडच्या पार्लमेंटातही उमटले. राज्यकर्त्यांचा धर्म आपलाच म्हणून त्यांना सूट द्यायची, हे रमाबाईंच्या स्वभावात बसणारे नव्हते.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावात मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. शारदा सदन आणि मुक्ती यांत मूलभूत फरक होता. बोस्टनच्या हमीची दहा वर्षे १८९८ मध्ये संपत आली होती. रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेला जाऊन कामाची नवी घडी बसवली. मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होते. तेथे सल्लागार मंडळाला दिलेला शब्द नव्हता आणि प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे की बंद, हा प्रश्नही उरला नव्हता. प्रार्थना सगळ्यांचीच होती.

मात्र जुना प्रश्न येथे संपला, असे म्हणता येत नाही. त्याचे रूप पालटले. शारदा सदनातल्या मुलींच्या मागे पालक होते आणि ते त्यांना परत नेऊ शकत होते. दुष्काळातून आलेल्या मुलींच्या मागे कोणी नव्हते. त्यांची आई, बाप, जात, गाव आणि धर्म या सगळ्यांच्या जागी आता एकच व्यक्ती होती. अन्नाबरोबर श्रद्धाही मिळाली, तेव्हा निवड कितपत मोकळी होती, ही शंका तेव्हाही घेतली गेली आणि अभ्यासक आजही घेतात. दुसऱ्या पारड्यात एवढेच टाकता येते की त्या मुलींपुढचा दुसरा पर्याय बहुतेक वेळा मरण किंवा दलालाचा हात हा होता आणि रमाबाई तेथे पोहोचल्या तेव्हा बाकीचे फार थोडे लोक पोहोचले होते.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि आणखी शेकडो मुली आल्या. रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली. एवढ्या लोकवस्तीला पोसायचे तर माळावर गावच उभे करावे लागते. विहिरी खोदल्या गेल्या, शेती आणि दूधदुभते वाढले. हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, धुलाई, बेकरी ही कामे मुलीच करत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्ध, अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन अशी घरे झाली. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवत. अमेरिकेत शिकत असताना त्यांनी ही लिपी आत्मसात केली होती. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सारे स्त्रिया सांभाळत. ब्राह्मण विधवांसाठी जातीचे नियम पाळणारी शाळा चालवलेल्या बाईच्या या गावात आता सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीत जेवत होत्या. मदतीला परदेशी स्त्रिया होत्या. पण भाषा मराठी होती, पोशाख देशी होता आणि संस्था कोणत्याही एका चर्चच्या ताब्यात नव्हती.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द केडगावच्या मुलींना समजत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. ज्या बाईला संस्कृतसाठी पदव्या मिळाल्या होत्या, तिने मुद्दाम अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशी भाषा निवडली. हे काम मुक्तीच्याच छापखान्यात, त्यांनीच शिकवलेल्या स्त्रियांच्या हातून छापले जात होते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. संस्थेची धुरा मनोरमा पुढे नेतील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. त्या आईच्या उजव्या हात होत्या आणि गुलबर्ग्याच्या शाळेचे कामही त्यांनी उभे केले होते. पण जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेल्या. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर आता लेकही. बहिऱ्या झालेल्या, थकलेल्या रमाबाई भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावातच देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

नंतरच्या काळात महाराष्ट्राने त्यांच्याकडे बराच काळ पाठ फिरवली. धर्मांतराच्या वादात पंडिता, लेखिका, शिक्षिका हरवून गेल्या. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचे तिकीट काढले, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या लेखनाचा पुन्हा अभ्यास सुरू झाला आणि त्यांचे स्थान हळूहळू त्यांना परत मिळू लागले. केडगावची संस्था आजही मुलींना आणि निराधार स्त्रियांना आसरा देते.

रमाबाई बरोबर की रानडे-भांडारकर, याचा निवाडा सव्वाशेहून अधिक वर्षांनीही सोपा नाही. मुलींचे निवासी वसतिगृह, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने चाललेले असो, शेवटी विश्वासावर उभे असते: पालकांचा संचालिकेवर, संचालिकेचा स्वतःच्या हेतूवर आणि मुलीचा या दोघांवर. रमाबाईंनी दार उघडे ठेवले, ही त्यांची प्रामाणिकता होती. उघड्या दारातून लहान मुलांवर काय परिणाम होतो, हे विचारणे ही सल्लागारांची जबाबदारी होती. वाद मिटला नाही, पण त्यातून केडगाव उभे राहिले आणि हिंगणेही. दोन्हीकडच्या शाळांत जाऊन अक्षरे गिरवणाऱ्या मुलींना त्या वादाशी फारसे कर्तव्य नव्हते. अंधाऱ्या खोलीतून त्या बाहेर आल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी पहिले दार चौपाटीजवळच्या त्या घरात उघडले होते.